धुराड्याची डागडुजी

मराठीत 'चिमणी' शब्दाला तीन घरे आहेत. एक चिमणी अंगणात दाणे टिपते, दुसरी रॉकेलवर मिणमिणते आणि तिसरी गिरणीच्या माथ्यावरून धूर सोडते. राहत्या घराच्या छपरावर उभी असणारी चौथी चिमणी मात्र आम्हां उष्ण प्रदेशातील मंडळींच्या अनुभवास क्वचितच येते. आमच्या बडोद्याच्या जुन्या वाड्यात धुराडे होते, पण ते म्हणजे स्वयंपाकघरावरील कौलांमध्ये ठेवलेली एक फट. धूर जाईल तेवढा त्यातून जाई आणि उरलेला आमच्या आजीच्या डोळ्यांत राही. धुराडे ही जपण्याची, तपासण्याची, वेळप्रसंगी जिवाच्या काळजीने दुरुस्त करण्याची वस्तू आहे, हे आम्ही उभयता शिकलो ते 2022 सालच्या शरदात, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात.

तेथे आमची भाची राहते. बोस्टनहून मोटारीने उत्तरेकडे सुमारे तीन तास गेले की मॉन्टपेलियर लागते. अमेरिकेतील राज्यांच्या राजधान्यांत सर्वांत कमी वस्तीची राजधानी अशी त्याची ख्याती आहे. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढेच ते गाव, भोवती 'ग्रीन माउंटन्स' नावाचे डोंगर आणि शेजारीच ग्रॅनाइटच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले बॅरी. आम्ही पोहोचलो तेव्हा मेपल वृक्षांचे डोंगर लाल-केशरी झाले होते. प्रवासवर्णनांतून वाचलेला तो सोहळा आम्ही डोळे भरून पाहिला; परंतु घरी पोहोचताच ध्यानात आले, की येथील माणसे पानांकडे कौतुकाने पाहत नाहीत, त्यांचे लक्ष दिवस मोजण्याकडे असते. पाने गळली की थंडी आली, आणि थंडी म्हणजे शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरणारा पारा.

भाचीचे घर एकोणिसाव्या शतकातील. लाकडी भिंती, उतरते छप्पर आणि घराच्या मधोमध, तळघरापासून छपरापर्यंत चढत गेलेला विटांचा एक चौकोनी खांब. तेच धुराडे. त्याच्या पोटात दोन स्वतंत्र नळ्या होत्या. एक बैठकीतील लोखंडी शेगडीची, दुसरी जुन्या स्वयंपाकघराच्या चुलीची, जी आता वापरात नाही. धुराडे घराच्या मध्यभागी ठेवण्यात जुन्या लोकांचे शहाणपण आहे. चारही बाजूंनी उबेत असल्याने ते गार पडत नाही, धूर वर ओढला जातो आणि विटांत साठलेली ऊब रात्री खोल्यांना मिळते. वरच्या मजल्यावर भाचीच्या चार वर्षांच्या मुलीचा पलंग याच विटांना लागून होता.

अंगणातील पडवीत सरपण रचून ठेवले होते. तेथे सरपण 'कॉर्ड' या मापाने मोजतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रास म्हणजे एक कॉर्ड. मेपल, बर्च, बीच ही झाडे फोडून त्यांच्या ढलप्या निदान वर्षभर वाऱ्यावर वाळवायच्या. लाकडात वीस टक्क्यांहून अधिक ओल असू नये, असा नियम. ओले लाकूड धुमसते, आणि धुराड्याच्या वरच्या गार भागात त्या धुराचा काळा, डांबरासारखा थर बसतो. त्यास क्रिओसोट म्हणतात. हा थर वाढून एखाद्या दिवशी ठिणगीने पेटला, तर धुराड्याच्या आत वणवा लागतो. आगगाडी डोक्यावरून जावी तसा आवाज होतो आणि आतील उष्णता हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. विटांच्या सांध्यांत भेगा असतील तर ती आग लाकडी भिंतींना गाठते. म्हणूनच अग्निसुरक्षेचा अमेरिकेतील प्रमाण-नियम सांगतो, की धुराड्याची तपासणी वर्षातून एकदा तरी झालीच पाहिजे.

आम्ही पोहोचल्यावर आठवड्यातच तपासनीस आला. जमिनीवर चादरी अंथरून त्याने लांब दांड्यांना जोडलेल्या ब्रशाने नळ्या घासल्या. काजळीची बादली भरली. मग दोरीने एक लहानसा कॅमेरा आत सोडला. पडद्यावर जे दिसले ते पाहून भाचीचा चेहरा उतरला. छपरापाशी विटांमधील दरजा पोखरून गेल्या होत्या. कित्येक विटांची तोंडे पापुद्रे सुटावेत तशी गळून पडली होती. एके ठिकाणी तर आतल्या नळीतून थेट माळ्याची लाकडे दिसत होती. तपासनीसाने शेगडीच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवली : दुरुस्ती होईपर्यंत पेटवू नये. आग तर लागू शकतेच, तो म्हणाला. परंतु त्याहून वाईट म्हणजे त्या भेगांतून कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरू शकतो. त्या वायूला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. भाचीने त्या रात्री मुलीचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवला.

"मामा, तेलावर चालणारी भट्टी आहे, पण बर्फाच्या वादळात वीज गेली की तीही बंद. शेगडीशिवाय हिवाळा काढायचा कसा?" तिचा प्रश्न रास्त होता. ऑक्टोबरात सगळेच गवंडी कामात बुडालेले. सात-आठ ठिकाणी विचारणा केल्यावर एक वृद्ध गवंडी यायला तयार झाला. सत्तरी ओलांडलेला, बोलण्यात मोजका, हातात छिन्नी-हातोडी. तो छपरावर चढला, एक वीट हाताने काढून खाली घेऊन आला आणि आम्हां सर्वांपुढे मेजावर ठेवली.

"दोष थंडीचा नाही," तो म्हणाला. "दोष मागच्या दुरुस्तीचा आहे."

पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणा ठेकेदाराने दरजा कोरून त्यांत निव्वळ कडक सिमेंट भरले होते. काम तेव्हा मजबूत दिसले. परंतु जुनी वीट मऊ असते आणि पाणी पिते. पाऊस बाहेरून, तर लाकूड जळताना निर्माण होणारी वाफ आतून. एक किलो लाकूड जळले की अर्ध्या किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. हे पाणी पूर्वी चुन्याच्या दरजांतून बाहेर पडून सुकत असे. सिमेंटने ती वाट बंद केली. मग पाणी विटेतच अडकले. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते. दुपारी वितळावे, रात्री गोठावे, असे एका हिवाळ्यात अनेकदा घडते आणि प्रत्येक वेळी विटेचा एक कण सुटतो. दरज जागच्या जागी राहिली, वीट मात्र नाहीशी झाली.

"दरज विटेपेक्षा नेहमी मऊ हवी," गवंड्याने सांगितले. "भार आला, थंडी आली, तर दरजेने झिजावे. दरज पुन्हा भरता येते. दीडशे वर्षांपूर्वीची वीट पुन्हा कोठून आणायची?"

हे काही त्या एकट्याचे मत नव्हते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीविषयी अमेरिकेच्या 'नॅशनल पार्क सर्व्हिस'ने काढलेल्या पुस्तिकेतही हेच तत्त्व सांगितलेले आहे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन याने इंग्लंडात 1824 साली घेतले. त्यापूर्वीची आणि त्यानंतरही कित्येक दशकांची घरे चुन्यातच उभी राहिली.

काम दहा दिवस चालले. छपरावरचा खराब भाग उतरवला गेला. चांगल्या विटा एकेक करून साफ झाल्या. राहिलेल्या दरजा यंत्राने न कापता छिन्नीने, रुंदीच्या दुपटीहून अधिक खोल कोरल्या. माल होता एक भाग सिमेंट, दोन भाग चुना आणि नऊ भाग वाळू. निव्वळ चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो. हिवाळा दारात असताना तेवढी सवड नसते, म्हणून थोडे सिमेंट. विटा आधी भिजवून माल थराथराने दाबला जाई. पारा पाच अंशांखाली उतरला तर काम बंद. रोज संध्याकाळी गवंडी नव्या कामावर गोणपाट आणि ताडपत्री बांधून जाई, जणू लहान मुलाला पांघरूण घालावे तसे. शेगडीच्या नळीत वरून पोलादी नळी सोडली गेली, माथ्यावर पाणी निथळेल अशी कड असलेले काँक्रीटचे झाकण बसले आणि छपराच्या सांध्यावर तांब्याचा पत्रा दुमडला गेला.

एका प्रश्नावर मात्र खल झाला. निकामी नळीत काड्यांचे एक घरटे सापडले होते, लाळेने विटांना चिकटवलेले. ते 'चिमनी स्विफ्ट' पक्ष्याचे. आपल्या पाकोळीचा हा आप्त. याला फांदीवर बसता येत नाही, उभ्या भिंतीलाच नखांनी धरून तो राहतो. पूर्वी पोकळ वृक्षांत राहणारा हा पक्षी जंगले तुटल्यावर माणसाच्या धुराड्यांत आला. हिवाळ्यात तो दक्षिण अमेरिकेत जातो. गुळगुळीत पोलादी नळीला त्याचे पाय लागत नाहीत आणि झाकणे बसल्याने त्याला जागाही उरत नाही. त्याची संख्या घटत चालली आहे. भाचीला दुसरी नळी कायमची बंद करायची होती. गवंड्याने सुचवले, झाकण हिवाळ्यापुरते घाला, एप्रिलअखेर काढा. मुलीने लगेच विचारले, "मग चिमण्या येतील?" तिच्या मराठीत धुराडे आणि पाखरू एकाच शब्दात आले होते. झाकण काढता येण्याजोगे करायचे ठरले.

नोव्हेंबरच्या मध्यास पहिला बर्फ पडला. तपासनीसाने पुन्हा कॅमेरा सोडला आणि दारावरची चिठ्ठी स्वतः काढली. शेगडी पेटली, सरळ धूर पांढऱ्या आकाशात चढला. रात्री उशिरा आम्ही वर जाऊन विटांवर हात ठेवला. त्या कोमट होत्या. मुलीचा पलंग पुन्हा तेथे आला होता.

आमची झोप मात्र उडाली, ती बडोद्याच्या आठवणीने. दांडिया बाजारातील वाड्याच्या मागील भिंतीस लोणा लागतो म्हणून आम्हीच एकदा हौसेने चुन्याचा गिलावा उतरवून सिमेंटचा जाड थर देवविला होता. तीन पावसाळ्यांत ओल वर चढली आणि विटांचा भुगा होऊ लागला. आम्ही दोष पावसाला दिला, जमिनीला दिला, जुन्या बांधकामालाही दिला. आजोबांच्या वेळी दर काही वर्षांनी चुना लागे; ती डागडुजी आम्हांस कटकट वाटली आणि एकदाच काय ते पक्के करून टाकू म्हणून आम्ही भिंतीचा श्वास कोंडला.

बडोद्यास परतल्यावर आम्ही गवंडी बोलावला आणि सिमेंट काढून चुना लावण्यास सांगितले. तो तरुण होता; त्याने आमच्याकडे जरा संशयानेच पाहिले. पण त्याच्या वडिलांना चुना ठाऊक होता. ते काठी टेकीत आले, त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि आमच्याकडे न पाहताच म्हणाले, "उशीर केलात. पण भिंत वाचेल." वाचकांपैकी ज्यांच्याकडे अजून जुने वाडे उभे असतील, त्यांनी पक्के करण्याच्या घाईपूर्वी आपल्या भिंतीस एकदा हात लावून पाहावा, एवढेच सांगणे.