पंचतारांकित मुक्काम आणि आडनाव

मुंबईत दोन रात्री आम्ही पंचतारांकित हॉटेलात राहिलो, ही बातमी आमच्याआधी गंगाखेडला पोहोचली. एका कार्यशाळेच्या आयोजकांनी केलेली सोय होती, बिलही त्यांचेच. तरी आल्यावर दोन प्रकारची माणसे भेटली. एक म्हणाले, "चळवळीतला माणूस एसीत झोपला की संपला." दुसरे म्हणाले, "बरं झालं, आपला माणूस तिथवर पोहोचला." दोघेही आपलेच. पण दोघांचेही म्हणणे आम्हाला मान्य नाही.

पहिल्यांना आधी उत्तर देतो. गरिबी हे आपण घेतलेले व्रत नव्हते, ती आपल्यावर लादलेली होती. साधेपणाचे गोडवे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या भरल्या घरात बसून गायले, त्यांचे प्रमाणपत्र आपल्याला कशाला हवे? बाबासाहेबांचा सूट ज्यांना कळला नाही, त्यांना आमची दोन रात्रींची गादीही कळणार नाही.

आणि हॉटेलातली खोली हा चैनीचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचावे. १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले. हिंदू हॉटेलात खोली मिळणार नाही हे ठाऊक होते, म्हणून पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. दिवसाला दीड रुपया भाडे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे जिना चढून आली आणि त्यांना बाहेर काढले. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकलेला माणूस, खिशात भाड्याचे पैसे, आणि तरीही डोक्यावर छप्पर नाही.

योगायोग पाहा. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला पोहोचले, त्याच वर्षी त्यांच्या कोलंबिया विद्यापीठाजवळ, हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावर, थेरेसा नावाचे भव्य हॉटेल सुरू झाले. नाटके आणि करमणुकीने गजबजलेला तो भाग. पण १९४० पर्यंत त्या हॉटेलात काळ्या माणसाला खोली मिळत नव्हती. त्याच रस्त्यावरचे, पुढे अपोलो म्हणून गाजलेले थिएटर १९३४ पर्यंत काळ्या प्रेक्षकांना आत घेत नव्हते. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेल आणि थिएटर दोन्हींची दारे एकदम उघडली. आपल्याकडे ते १९५० सालीच झाले होते. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे एकाच ओळीत आहेत. ही ओळ कागदावर सहज आली असे समजू नका. तिच्यामागे बडोद्याचा तो जिना आहे.

आता 'पोहोचला' म्हणणाऱ्यांकडे वळू. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरायला एक पोरगा आला. टेबलावर बाबासाहेबांचे पुस्तक होते. त्याने आधी दाराकडे पाहिले, मग हळूच म्हणाला, "साहेब, जयभीम." आमच्याच मराठवाड्याचा निघाला. ठेकेदाराकडून लागलेला, गोवंडीला सात-आठ जण एका खोलीत. येण्याजाण्याचे दार मागचे. छातीवरच्या बिल्ल्यावर फक्त नाव, आडनाव नाही. विचारले तर म्हणाला, "तेच बरंय की साहेब." चादर ओढून झाली, तो पुढच्या खोलीकडे गेला. आम्ही पाहुणे म्हणून आत गेलो म्हणून आपण पोहोचलो, असे म्हणणाऱ्यांनी या पोराचा हिशेब कुठे धरायचा ते सांगावे.

त्याच संध्याकाळी आम्ही ग्रँट रोडकडे चालत गेलो. प्लेहाउसचे मुंबईकरांनी 'पिला हाऊस' केले, तो हा भाग. १८४६ साली इथे नाटकघर उभे राहिले, १८५३ साली विष्णुदास भावे इथे नाटक घेऊन आले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात हे पहिल्या पानावर असते. पुढे याच परिसरात तमाशाची थिएटरे गाजली, ते मात्र तळटिपेत. महार, मांग, कोल्हाटी कलावंतांची कला रात्रभर चालायची. गावात मात्र फडाचा मुक्काम वेशीबाहेर, राहुटीत.

हे सगळे गंगाखेडला बसून का लिहितो आहोत? कारण आज पंचतारांकित हॉटेलच्या काउंटरवर आधार कार्ड आणि पैसे लागतात, जात कोणी विचारत नाही. जात विचारतात ती आपल्या गल्लीत. नव्याने बदली होऊन आलेल्या आपल्या एका ताईसाठी आम्ही खोली शोधत फिरलो. संत जनाबाईचे हे गाव, भक्तीची कमतरता नाही. पहिल्या घरी आडनाव विचारले आणि मग आठवले की पाहुणे येणार आहेत. दुसऱ्या घरी खोली परवाच दिली होती, पाटी मात्र तशीच लटकत होती. तिसऱ्या घरी सरळच विचारले, "तुम्ही कोणत्यातले?" शेवटी ताई आपल्याच वस्तीत राहिली, तिथून रोजचे जाणे लांबचे.

कलम १५(२) मध्ये हॉटेल आहे, भाड्याची खोली नाही. अस्पृश्यता बंद करणारे कलम १७ आहे, ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, पण 'पाहुणे येणार आहेत' हे वाक्य पुराव्यात कसे धरायचे? म्हणून एक वही सुरू केली आहे. ज्यांना असा अनुभव आला त्यांनी तारीख, गल्ली आणि घरमालकाचे नेमके शब्द लिहून द्यावेत. पाटीचा फोटो असेल तर तोही. नंतर त्याच घरी दुसऱ्या आडनावाचा मित्र पाठवून काय उत्तर मिळते तेही नोंदवावे. आपले दोन तरुण वकील या नोंदी वाचायला तयार आहेत.