उचललेली ओळ

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० साली इंग्रजी पहिलीपासून आली. तिसरी-चौथीच्या वर्गात इंग्रजी उतारा सफाईने वाचून दाखवणारी मुले आज भेटतात, मात्र वाचलेल्याचा अर्थ त्यांच्या हाती लागतोच असे नाही. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाकलन हा दोन घटकांचा गुणाकार मानला : उकल, म्हणजे अक्षरांवरून शब्द उच्चारता येणे, आणि भाषाकलन, म्हणजे ऐकलेली भाषा कळणे, यांतील एक शून्य असेल तर दुसरा कितीही मोठा असून उपयोग नाही. मराठी शब्दाची उकल झाली की कान त्याला ओळखतो, कारण तो बहुधा घरात ऐकलेला असतो. इंग्रजी शब्दाशी अशी पूर्वओळख नसते, आणि सुबक उच्चारामागे ही उणीव बेमालूम झाकली जाते.

खरी पंचाईत उताऱ्याखालच्या प्रश्नांत आहे. शिंप्याने कुंभाराला सदरा दिला, कारण तो गारठला होता, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यावर ‘हू वॉज कोल्ड?’ असे विचारले की मूल प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधते, ती ओळ उचलते आणि ‘ही वॉज कोल्ड’ असे लिहून मोकळे होते. उत्तराला गुण मिळतो. ते सर्वनाम शिंप्याचे की कुंभाराचे, हे गुलदस्त्यातच राहते. गाईडांनी ओळ उचलण्याचे हे तंत्र पक्के केले आहे, आणि वर्गात मराठीचा शब्दही निषिद्ध मानणाऱ्या शाळांनी ते पकडण्याचा सर्वांत सोपा मार्ग, म्हणजे मुलाला त्याच्या भाषेत सांगायला लावणे, स्वतःच बंद केला आहे.

प्रस्तुत लेखकाच्या पिढीतील शिक्षकांना तपासणीच्या दिवशी खड्या आवाजात वाचणारा विद्यार्थी पुढे करण्याची भारी हौस होती, आणि साहेबांची मान डोलली की तो मान आपलाच वाटे. वयोमानाने कान मंद झाल्यावर उच्चारांचे ते सुख आटले, तेव्हा कुठे मुलाच्या सांगण्याकडे लक्ष वळले. मराठीतून सांगणेही निर्दोष नाही : चित्र पाहून मूल गोष्ट रचते, चित्र झाकले तर व्यवहारज्ञान धावून येते, कारण सदरा ज्याला मिळतो तोच गारठलेला असणार. म्हणून त्याच वाक्यात ‘कोल्ड’च्या जागी ‘काइंड’, म्हणजे दयाळू, हा शब्द घालावा लागतो. आता सर्वनामाचा रोख शिंप्याकडे वळतो. तरीही अनेक मुले कुंभाराचेच नाव घेतात. त्यांना ‘काइंड’ ठाऊक नव्हता की सर्वनामाचा धागा सुटला, हे पाहण्यासाठी शब्दाचा अर्थ सांगून तोच प्रश्न पुन्हा विचारावा, तर मूल झटकन शिंप्याचे नाव घेते; ते कळल्यामुळे, की गुरुजींनी पुन्हा विचारले म्हणजे पहिले उत्तर चुकले असणार या हिशेबाने, हे सांगता येत नाही.