यंत्राची बेरीज व माणसाची जबाबदारी

हिशेबाच्या वहींत एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेली प्रत्येक बेरीज खोडून पुन्हां मांडावी लागते. परीक्षेचीं गुणपत्रकें तयार करणाऱ्या शिक्षकांस हा शीण नवा नाहीं. तो ज्या आज्ञावलीनें घरगुती संगणकावर प्रथम हलका केला, त्या ‘व्हिजिकॅल्क’ची हकीकत आम्हांस बोधप्रद वाटते.

इ. स. १९७८ त हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसायशिक्षणाच्या शाळेंत शिकत असतां डॅन ब्रिकलिन यांस ही कल्पना सुचली. बॉब फ्रँकस्टन यांनीं ती आज्ञावलींत उतरविली, व १९७९ त ‘अ‍ॅपल टू’ या यंत्रासाठीं ती विक्रीस आली. तक्त्यांत ६३ स्तंभ व २५४ ओळी मांडतां येत. मात्र त्या यंत्राच्या कळफलकावर डावीउजवीकडे जाण्यापुरत्याच बाणांच्या कळा होत्या. वरखालीं जावयाचें असल्यास आधीं तळाची लांब कळ दाबून दिशा बदलावी लागे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. ती आज्ञावली ठराविक क्रमानें एकेक चौकट सोडवीत जाई. एखादी चौकट तिच्यामागून सोडविल्या जाणाऱ्या चौकटीवर अवलंबून असली, तर तींत शिळाच आंकडा राही, आणि उद्गारचिन्हाची कळ दाबून हिशेब पुन्हां करवून घ्यावा लागे. पुढें एकामागून एक सुधारणा झाल्या. १९८३ त आलेल्या ‘अ‍ॅपल टू ई’ यंत्रास चारही दिशांच्या कळा मिळाल्या. व्हिजिकॅल्कच्या प्रगत आवृत्तींत प्रत्येक स्तंभाची रुंदी निरनिराळी ठेवतां येऊं लागली. त्याच १९८३ त निघालेली ‘लोटस १-२-३’ ही आज्ञावली कोणती चौकट कोणावर अवलंबून आहे हें ओळखून त्या क्रमानें हिशेब करी. अखेर १९८५ त लोटसनें व्हिजिकॅल्कच्या निर्मात्यांची कंपनी विकत घेतली व व्हिजिकॅल्क बंद पडली.

इतक्या सुधारणा झाल्या, तरी एक ओझें माणसाच्याच खांद्यावर राहिलें. आमच्या परिचयाच्या एका संस्थेंत गरीब विद्यार्थ्यांच्या शुल्कसाह्याची यादी अशाच तक्त्यांत ठेविली होती. एका मुलीचा अर्ज उशिरां आला, म्हणून तिचें नांव अगदीं खालीं लिहिलें गेलें. परंतु बेरजेचें सूत्र तिच्या आधींच्या ओळीपर्यंतच होतें. दात्यांकडे मागणी त्या बेरजेप्रमाणें गेली, आणि मुलीच्या वांट्याला कांहींच उरलें नाहीं. तिची आई विचारावयास आली तेव्हां आम्ही ती यादी बोटानें मोजली, आणि नांवें एकानें अधिक भरलीं. यंत्रानें सांगितलेलें काम चोख केलें होतें. त्या मुलीचें नांव मात्र कोणी त्यास सांगितलेंच नव्हतें.

यावर जुन्या जाणत्यांची एक सोपी युक्ति आहे. शेवटच्या नांवाखालीं रेघांची एक ओळ आंखावी व ती ओळही बेरजेच्या कक्षेंत धरावी. नवें नांव त्या रेघेच्या वरच घालावें, म्हणजे तें बेरजेबाहेर राहत नाहीं. रेघेची किंमत शून्य धरली जाते, त्यामुळें हिशेब बिघडत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येक उद्यां कचेऱ्यांत, पेढ्यांत व मंडळ्यांच्या कारभारांत बसतील. तुमच्या हातीं याहून सरस यंत्रें असतील, आणि तीं तुम्ही आनंदानें वापरावीं. परंतु बेरीज पाहण्यापूर्वीं ती अदमासें किती यावी हें मनाशीं ठरवा, आणि यादीवर सही करण्यापूर्वीं नांवें मोजा. कारभारी विश्वासू आहे कीं नाहीं याची परीक्षा मोठ्या रकमेच्या ओळींत होत नसते. ती यादीच्या तळाशीं, ज्याच्यासाठीं विचारावयास कोणी येणार नाहीं अशा नांवापाशीं होते. त्या मुलीची आई आली. प्रत्येकाची येईलच असें नाहीं.