एका प्रथिनाची साक्ष

निवृत्तीनंतर बेंगळुरूला मुलाकडे येऊन राहिलेल्या एका मराठी प्राध्यापकांच्या पत्नीला सहा आठवड्यांच्या अवधीत घरचा जिना अनोळखी वाटू लागला. प्रथम तोल गेला, मग शब्द निसटू लागले, पुढे हातांना आपोआप झटके येऊ लागले. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाच्या तपासणीचा अहवाल आला, त्यात ‘१४-३-३ प्रथिन आढळले’ अशी ओळ होती. संशय क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाचा होता. वर्षाकाठी दहा लाखांत एखाद-दुसऱ्यालाच गाठणारा, आणि गाठल्यावर बहुधा वर्षाच्या आत प्राण घेणारा हा रोग. त्यावर उपचार नाही. घरच्या मंडळींनी त्या ओळीला निकालपत्र मानले. प्राध्यापकांनी मात्र ते मानले नाही.

त्यांचे आयुष्य पाठचिकित्सेत गेले होते. पाठ काय सांगतो हे पाहण्यापूर्वी सांगणारा कोण, हे विचारावे, असे ते विद्यार्थ्यांना शिकवीत. डॉक्टरांनाही त्यांनी तेच विचारले, आणि मिळालेले उत्तर उद्बोधक होते. ‘१४-३-३’ हे कोणत्याही रोगाचे नाव नव्हे. १९६७ साली मेंदूतील प्रथिने वेगळी करीत असता हे प्रथिन ज्या ठिकाणी सापडले, त्या ठिकाणाचे ते आकडे. निरोगी मेंदूतही ते विपुल असते. चेतापेशी वेगाने मरू लागल्या म्हणजे द्रवात पाझरते. पक्षाघातात पाझरते, मेंदूच्या दाहातही पाझरते. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. अग्नी कोणी लावला, हे धूर सांगत नाही.

हा भेद केवळ तर्काचा नव्हता. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूवर उलटली असता हुबेहूब अशीच लक्षणे दिसू शकतात, आणि तो विकार पुष्कळदा उपचारांनी आटोक्यात येतो. अहवालावर विसंबून हात आखडता घेतला, तर वाचू शकणारे माणूस हातचे जावयाचे. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीला निदानाच्या निकषांत स्थान दिले होते, हे खरे. तथापि २०१२ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने घेतलेल्या आढाव्यात ती रोग असलेल्यांपैकी ९२ टक्क्यांना ओळखते, आणि रोग नसलेल्यांपैकी ८० टक्क्यांनाच निर्दोष ठरविते, असे दिसून आले. समजा, संशयित शंभर आणि त्यांत खरे रोगी दहा. चाचणी त्यांतील नऊ जणांना पकडील. पण उरलेल्या नव्वदांपैकी अठरा जणांवरही तोच शिक्का मारील. म्हणजे शिक्का बसलेल्या सत्तावीस जणांत खरे रोगी नऊच!

म्हणून प्राध्यापकांच्या आग्रहावरून दोन गोष्टी झाल्या. प्रतिकारशक्तीचा विकार गृहीत धरून स्टेरॉइड सुरू करण्यात आले, आणि द्रवाचा नमुना ‘आरटी-क्विक’ नावाच्या चाचणीसाठी पाठविण्यात आला. या चाचणीचा प्रश्नच निराळा. या रोगात विकृत घडी पडलेले एक प्रथिन शेजारच्या निकोप प्रथिनालाही आपल्यासारखी घडी पाडते. लेखनिकाचा प्रमाद पुढच्या प्रतींत उतरत जावा, तसे. चाचणीत रुग्णाचा द्रव निकोप प्रथिनात मिसळून हलवीत ठेवतात. प्रमाद पसरू लागला की रंगद्रव्य चमकते. येथे धुराची साक्ष नाही. अग्नीलाच समोर पेटण्यास सांगितले जाते. खोटा कौल येथे क्वचितच मिळतो.

भांडारकर संस्थेच्या महाभारताचे संपादन करताना सुखटणकरांनी परस्परनिरपेक्ष परंपरांच्या एकवाक्यतेला मोठे मोल दिले होते. येथेही मेंदूची एमआरआय प्रतिमा आणि ही नवी चाचणी, दोन्ही स्वतंत्रपणे एकच सांगू लागल्या. स्टेरॉइडचा उपयोग झाला नव्हता. रोग तोच होता.

“म्हणजे पहिला अहवाल खराच होता की, बाबा,” मुलगा म्हणाला.

“निष्कर्ष खरा निघाला, बाळ. तेवढ्याने साक्ष भरवशाची ठरत नाही. अशुद्ध पोथीतही एखादा पाठ शुद्ध सापडतो.”

त्या तीन आठवड्यांत उपचार करून पाहिल्याची रुखरुख त्यांना कधी लागली नाही. इस्पितळांच्या फेऱ्या थांबल्या. पत्नीला घरी आणून खिडकीजवळच्या पलंगावर ठेवण्यात आले. शेवटचे काही आठवडे ते तिचा हात हाती धरून तेथेच बसत.

एक काम उरले होते. या रोगाचे निर्विवाद निदान मेंदूच्या ऊतीची तपासणी केल्यावाचून होत नाही, आणि ती बहुधा मृत्यूनंतरच होते. चाचण्यांची विश्वासार्हता सांगणारे आकडे अखेर अशाच तपासण्यांशी ताडून पाहावे लागतात. त्यामागे कोणत्या तरी घराने, दुःखाच्या ऐन घटकेला, दिलेली संमती असते. पत्नीच्या निधनानंतर तो कागद पुढे आला, तेव्हा प्राध्यापकांनी तो सवयीप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एके ठिकाणी चुकलेले तिचे नाव दुरुस्त केले आणि खाली सही केली.