तुझं ‘नको’ त्याला पोचतं

शहापूर, बेळगाव

चि. बाळ,



काल फोनवर म्हणालीस, “आत्या, प्रार्थनाच होत नाही गं. आयसीयूच्या बाहेर बसते, डोळे मिटते आणि ‘नको, नको’ एवढंच तोंडात येतं.” फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

अगं, तुझं ते ‘नको’ हीच प्रार्थना आहे. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूने दुसरं काय मागितलं? हा प्याला टळू दे, एवढंच. तेही पुन्हा पुन्हा. जागे राहा म्हणून विनवलेले शिष्य झोपून गेले, आणि प्याला काही टळला नाही. आता लोक येऊन तुला सांगतील, विश्वास ठेव, जावईबापू ठणठणीत होणार. मायेनेच सांगतील. पण असं वचन शास्त्रात मला सापडलेलं नाही आणि मी ते तुला देणार नाही. मला आधार वाटतो तो याचा, की ज्याच्यापुढे आपण रडतो त्याला भीती ठाऊक आहे. त्याच्यापुढे धीराचं सोंग आणावं लागत नाही.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. आईवडील दुष्काळात गेले. भाऊ १८८० मध्ये गेला, नवरा १८८२ मध्ये पटकीने. तान्ही मनोरमा तेवढी उरली. उपासमार अंगावर काढलेली ही बाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि शेकडो पोरीबाळींना घेऊन आली. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. आणि जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा थकलेल्या, कानांनी अधू. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी हाती घेतलं होतं, ते अजून पुरं व्हायचं होतं. त्या पुन्हा कागद घेऊन बसल्या. काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला प्रभूघरी गेल्या. लेक गेल्यावर ती पहिली ओळ त्यांनी कशी लिहिली असेल, याचा मी फार विचार करते. पुढची एक ओळ लिहिण्यापुरतं बळ त्यांना रोज मिळत गेलं असावं. तेवढंच मी तुझ्यासाठी मागते आहे, पुढच्या एका तासापुरतं.

२०२० चा ईस्टर आठवतो का? चर्चला कुलूप. वडगाव-खासबागेतले माग बंद, पहाटेची खटखट नाही. पाळकसाहेबांचा संदेश मोबाईलवर ऐकला, पण मन घाबरलेलंच. दुपारी शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून कागदात बांधलेला गुळाचा खडा दिला. “तुमचा सण नव्हं? काहीतरी गोड करा की.” माग थांबल्यापासून त्यांच्या घरी मजुरी नव्हती. तो खडा हातात घेतला तेव्हा मला पहिल्यांदा एकटं वाटलं नाही. प्रभू माणसं पाठवतो, बाळ, आणि ती आपल्याच मंडळीतली असतात असं नाही. तेव्हा तिथं बाकावर शेजारी बसलेल्या बाईने चहा पुढे केला तर घे. नको म्हणू नकोस.

बायबल उघडवत नसेल तर राहू दे. उघडलंस तर सगळ्यांना पाठ असलेल्या तेविसाव्या स्तोत्राच्या आधीचं बाविसावं वाच. देवाने सोडून दिलं, या आकांतानेच ते सुरू होतं. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी तेच शब्द आले.

शनिवारी सकाळच्या बसने निघते. रात्री मी बसेन, तू घरी जाऊन झोप. मुलांच्या डब्याचंही माझ्यावर सोपव. रविवारच्या उपासनेत जावईबापूंचं नाव घेऊन प्रार्थना करावी, असं पाळकसाहेब म्हणत होते. चारचौघांत नाव नको असेल तर तसं सांग, नुसतं ‘आजारी भावासाठी’ म्हणू.

तुझी,
आत्या