विहिरीची ओळ

“काका, यात मागणी कुठं आहे?” खिडकीपलीकडून प्रश्न आला आणि वडिलांनी अर्जावर बोट ठेवलं. दुसऱ्या पानावर, वरून सातव्या ओळीत मागणी होती. कारकुनानं तिकडे पाहिलंही नाही. कागद परत सरकवला. खिडकीतून मागे आलेलं ते बोट मला अजून दिसतं.

गाव वसमत तालुक्यातलं, शेत चार एकर, त्यात हळद. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं लागली, आत्याचं राहिलं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगीही वारस ठरते. पण बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायची रीत गावोगाव आहे. वडिलांना ती मान्य नव्हती.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. फुलस्केप कागद, पाठपोट, एकही परिच्छेद नाही. आजोबांचं दुखणं, हळद शिजवायचा हंगाम, भावकीतलं बोलणं, बारा वर्षांच्या आत्यानं विहीर खणताना डोक्यावर वाहिलेला मुरूम, मग मागणी, मग पुन्हा विहीर. ओट्यावर बसून माणूस सांगतो तसं.

पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला गेलेले. दुसऱ्या खेपेला तो प्रश्न. वडिलांनी तिथंच उभं राहून अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला, तेव्हा मागच्या रांगेतले लोक चुळबुळ करू लागले. अखेर पोच मिळाली. तिसऱ्या खेपेला हातात पत्र पडलं: मागणी स्पष्ट होत नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मागणी स्पष्ट होती. शुद्ध मराठीत होती, बहिणीच्या नावासकट होती. वाचायला दोन मिनिटं लागली असती. तेवढी दोन मिनिटं एसटीनं तीनदा आलेल्या म्हाताऱ्याला द्यायला काय हरकत होती?

तरी घरी आल्यावर मी चिडलो वडिलांवरच: निदान परिच्छेद तरी पाडायचे होते.

खरं तर परिच्छेद मराठीत फार जुना नाही. जुन्या पोथ्यांत शब्दसुद्धा सुटे नसत. मोडीत आधी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. थांबायच्या खुणा छापखान्याबरोबर रुळल्या. मेजर थॉमस कँडी यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ आलं ते १८५० साली. आज मात्र सरकारी टेबलावर मोकळी जागा नसलेला कागद कुणी वाचत नाही. राज्याच्या माहिती अधिकार नियमांत २०१२पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द अशी मर्यादा आहे. वडिलांचा अर्ज त्या कायद्याखालचा नव्हता, पण मी तेच माप धरलं.

नवा अर्ज मी लिहिला. पहिल्या परिच्छेदात फक्त मागणी. दुसऱ्यात आजोबांच्या मृत्यूची तारीख, गट क्रमांक, फेरफार. तिसऱ्यात वारसांची नावं. खाली ‘सोबत’ म्हणून जोडलेली कागदपत्रं. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला मी आजही हेच सांगतो: एका परिच्छेदात एकच काम ठेवा, आणि त्याचं पहिलं वाक्य वाचून पुढं काय आहे ते कळू द्या. रागाला जागा हवीच असेल तर ती शेवटी ठेवा.

वडिलांनी तो दोनदा वाचला. “विहिरीचं काढलंस की,” म्हणाले.

विहिरीचा नोंदीशी संबंध नाही, असं मी समजावलं. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. पण आत्याचं नाव का लागावं, याचं वडिलांपाशी असलेलं एकमेव कारण विहीर हेच होतं. कायदा त्यांना माझ्याकडून कळला. विहीर त्यांनी पाहिली होती. त्यांचा जुना अर्ज आता वाचताना मला विस्कळीत वाटत नाही. त्यात सगळं त्या विहिरीभोवतीच फिरतं.

नव्या अर्जावर आत्याचं नाव लागलं. कार्यालयातल्या प्रतीवर आणि घरातल्या पोच-प्रतीवर, डावीकडच्या समासात, वडिलांच्या अक्षरात एक उभी ओळ आहे. सही करण्याआधी त्यांनी ती लिहिली होती: ‘विहिरीचा मुरूम हिने वाहिला आहे.’