बाहुलीचा आतला परकर



यंदाच्या स्नेहसंमेलनातील हस्तकला प्रदर्शनात ठेवलेली विलायती बाहुली बऱ्याच पालकांनी पाहिली. "बाई, हे तुम्ही केव्हा शिकलात?" असे काहींनी कौतुकाने विचारले. विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठांनी मात्र विचारले, "मराठी शाळेत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली बाहुली कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने इंग्लंडहून ही सोळा इंची बाहुली पाठवली. जुन्या नमुन्यावरून नव्याने घडवलेली, चिनी मातीचे डोके, मधोमध भांग पाडलेले काळे रंगवलेले केस, कापडी अंग, आणि अंगावर एकही कपडा नाही. अशा डोक्याच्या बाहुल्या १८५० च्या सुमारास प्रचारात होत्या. सातवीच्या इतिहास प्रकल्पासाठी तिला त्याच वर्षाचा पोशाख शिवायचे आम्ही ठरवले. घरात पडलेला साटीनचा तुकडा घेतला, मशीनवर भराभर टीप मारली, पाठीला चेन लावली, कमरेला भडक जांभळी फीत बांधली. एका संध्याकाळी काम फत्ते!

दुसऱ्या दिवशी वर्गाने टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी मात्र पुढे आला, झग्याचा घेर उचलून पाहिला आणि म्हणाला, "बाई, आतूनसुद्धा असंच होतं का?"

आत काहीच नव्हते. आम्ही निरुत्तर झालो.

मग पुस्तके काढून बसलो आणि एकेक चूक उमगत गेली. सिंगरच्या शिवणयंत्राचे पेटंट १८५१ चे. त्यामुळे १८५० सालचा झगा म्हणजे हातशिवणच. आमचे साटीन पॉलिएस्टरचे. तो धागा १९४१ मध्ये शोधला गेला. चेन विसाव्या शतकात रुळली. तोवर हूक, बटणे आणि नाड्या. तो भडक जांभळा रंगही त्यानंतरचाच. १८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये मलेरियावरचे क्विनाइन तयार करू पाहत होता. क्विनाइन काही झाले नाही, हाती लागला पहिला कृत्रिम जांभळा रंग! झग्याला फुगवणारा पोलादी कड्यांचा पिंजरादेखील १८५६ चाच. त्याआधी घेर तोलून धरायला एकावर एक अनेक परकर घालीत, आणि एखादा परकर घोड्याच्या केसांच्या विणीने ताठ केलेला असे.

सगळे उसवून पुन्हा आरंभ केला. बाहुली माणसाच्या चौथाईएवढी. तिला आपले नेहमीचे कापड गोधडीसारखे जाड होते, चुण्या बसत नाहीत. शेवटी वापरून मऊ झालेली मलमलीची जुनी ओढणी कामी आली. इंग्रज स्त्रिया ज्याला 'मल' म्हणत, ते नाव आपल्या मलमलीवरूनच गेलेले. आधी शेमीज, मग गुडघ्याखाली येणारी चड्डी, कॉर्सेट, तीन परकर आणि सर्वांत शेवटी बारीक फुलांच्या छिटाचा झगा. नेफा दुमडून त्यात नाडी ओवायची, चुण्या मोजून कमरपट्टीत बसवायच्या. तीन महिने लागले.

आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. शिवणही आम्ही 'कच्चा टाँका', 'बखिया', 'तुरपाई', 'चुन्नट' अशा शब्दांत शिकलो. परकराची कड नीट येईना, म्हणून एका रात्री आईला फोन लावला. ती म्हणाली, "आधी धावदोरा घाल, मग हातशिलाई. टाका वर दिसता कामा नये." कित्येक वर्षांनी हे शब्द कानावर पडले. आम्ही म्हटले, "अगं आई, आतल्या परकराकडे कोण बघणार आहे?" ती म्हणाली, "कोणी नाही. पण तुला ठाऊक असणार ना!"

खुद्द व्हिक्टोरियाने लहानपणी आपली शिक्षिका लेहझेन हिच्या मदतीने १३२ लाकडी बाहुल्यांना सजवले. त्यांतल्या ३२ बाहुल्यांचे कपडे तिने स्वतः शिवले होते. पुढे १८६२ च्या नियमावलीने सरकारी अनुदान घेणाऱ्या इंग्रजी प्राथमिक शाळांतल्या मुलींना साधे शिवणकाम सक्तीचे झाले. शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुली कपड्यांचे बाहुलीएवढे नमुने शिवून वहीत लावीत. ती सक्ती फक्त मुलींवर होती, हे आज आपल्याला खटकते आणि खटकायलाच हवे.

परंतु एक कबुली द्यायची आहे. २०१४ साली आपल्या शाळेच्या वेळापत्रकातून शिवणकामाचा तास काढला गेला, त्या कागदावर सही आमचीच होती. संगणकाला तास हवा होता, आणि शिवणकाम निकालात दिसत नाही असे तेव्हा वाटले. तो निर्णय घाईचा होता. कसलीही सबब न सांगता आम्ही ते मान्य करतो.

विश्वस्त महोदयांना आमचे उत्तर इतकेच: बाहुली कुणाच्याही देशाची असो, तिच्याबद्दल खोटे शिकवायचे नाही, हे आपल्याच शाळेचे काम आहे. आणि या विलायती बाहुलीमुळेच आमच्या आईची मराठी आम्हाला परत मिळाली.

व्यवस्थापनाच्या संमतीने नव्या सत्रापासून दर शनिवारी सहावी-सातवीला शिवणाचा एक तास राहील, मुलगे आणि मुली दोघांनाही. पालकांनी घरातले जुने सुती कापड जरूर पाठवावे. घरी आजी असतील, तर त्यांनाही या तासाचे आग्रहाचे आमंत्रण. पहिला पाठ धावदोऱ्याचा. आतून पाहण्याचा प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याने आपले नाव सर्वांत आधी नोंदवले आहे.